थंड मशीनचं वजन

तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलपर्यंत त्रेसष्ट पायऱ्या होत्या. तराजूरावांनी त्या मोजलेल्या होत्या, कारण मोजणं हा त्यांचा स्वभावच होता. आठ कॉम्प्युटर त्या पायऱ्यांवरून वर न्यायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा खाली आणायचे, हे चौदा वर्षं त्यांच्याच कपाळी होतं. सुरुवातीला एका दमात दोन मशीन नेत. यंदा एका मशीनला तीन दम लागले, आणि प्रत्येक दमाला त्यांनी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. एकसष्टाव्या वर्षी माणसानं आरामखुर्चीत बसावं, वायरी गुंडाळत फिरू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. पण घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड एकदा लागली की सुटत नाही.

तराजूराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते कामावरून पडलं होतं. स्पर्धा होती कॉम्प्युटर बुद्धिबळाची. तिथे माणसं खेळत नाहीत, माणसांनी लिहिलेले प्रोग्राम खेळतात. माणूस आपला समोर बसून नखं कुरतडतो. पूर्वी जो तो स्वतःचं मशीन घेऊन यायचा आणि मग बळी तो कान पिळी. एका वर्षी एका गृहस्थांनी आपल्या कंपनीतून कपाटाएवढं मशीन आणलं होतं, उचलायला चार माणसं. त्यांच्यासमोर तराजूरावांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कापडी पिशवीतून आणलेलं मशीन घेऊन बसला आणि अर्थातच हरला. हरल्यावर म्हणाला, "मी नाही हरलो. माझं मशीन हरलं."

ते खरंच होतं. तराजूरावांचं तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. भावाचं तोंड त्यांना बघवेना. त्यांनी हट्टच धरला, की इथून पुढे सगळ्यांनी सारख्याच मशीनवर खेळायचं. आठ एकसारखी मशीन मी देतो, मी सांभाळतो, आणि ती सारखी आहेत याची जबाबदारीही माझी. तेव्हापासून रोज सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, ते आठही मशीनचं 'वजन' करायचे. म्हणजे प्रत्येक मशीनला पटावरची एकच मांडणी द्यायची आणि एका मिनिटात ते किती चाली तपासून बघतं ते मोजायचं. साधारण आठ कोटी चाळीस लाख भरायचं. शंभरात दोनापेक्षा जास्त फरक पडला तर ते मशीन बाद. आकडे फळ्यावर लिहिले जायचे आणि तराजूराव म्हणायचे, "सगळं सारखं आहे, बसा."

सगळं सारखं झालं, आणि दादा तरीही हरतच राहिला. हरला की तेच म्हणायचा, "मशीन झोपलं होतं."

पहिल्याच वर्षी त्यानं रीतसर तक्रार केली होती. तराजूरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्या मशीनचं वजन केलं. आठ कोटी एक्केचाळीस लाख भरलं, म्हणजे उलट कांकणभर जास्तच. मागून कोणीतरी म्हणालं, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि अख्खा हॉल हसला. तराजूरावही हसले. त्यांना वाटलं, दादाही हसेल. दादा हसला नाही, पण त्यानं पुन्हा कधी लेखी तक्रारही केली नाही. नुसता भावाजवळ येऊन पुटपुटायचा, आणि भाऊ म्हणायचा, "दादा, उगाच हसं करून घेऊ नकोस." पुढे पुढे तर गंमतच झाली. दादाचा प्रोग्राम सकाळचे डाव जिंकायचा आणि दुपारचे बहुतेक हरायचा. मंडळी म्हणायची, मालकासारखाच आहे, जेवला की डुलक्या काढतो. ही कोटी मूळची कोणाची हे फारसं कोणाला आठवत नव्हतं. ती तराजूरावांची होती.

यंदा दादा सदुसष्ट वर्षांचा होता आणि ही शेवटची स्पर्धा असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. गंमत अशी, की यंदाच तो कधी नव्हे तो पुढे होता. शेवटचा डाव दुपारी होता, दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या प्रोग्रामशी. तो डाव जिंकला असता तर करंडक दादाचा होता. सबंध आयुष्यात एकदाही हातात न आलेला.

जेवणानंतर तराजूराव नेहमीप्रमाणे चार नंबरच्या टेबलापाशी गेले. हे टेबल दरवर्षी दादाचंच. स्वच्छतागृह जवळ होतं, आणि दादाला आता दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं. मशीन सगळी सारखी, मग चिठ्ठ्या कशाला टाकायच्या, बसा कुठेही, असा कारभार होता. एकच अडचण होती, की ते टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून होतं आणि दुपारी ऊन थेट डोळ्यांवर यायचं. म्हणून तराजूराव दरवर्षी दुपारी आठवणीनं खिडकीचा जाड पडदा ओढून द्यायचे. तसा त्यांनी आजही ओढला. "बरं वाटतंय आता?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटतंय," दादा म्हणाला. "जा आता तू. तू जवळ असलास की मला धडधडतं."

डाव दोन तास चालला. चौतिसाव्या चालीपर्यंत दादाचं पारडं जड होतं. मग त्याच्या प्रोग्रामनं घोडा चुकीच्या घरात नेला. चूक मोठी नव्हती, थोडा जास्त विचार केला असता तर टळली असती, पण डॉक्टरीणबाईंच्या प्रोग्रामनं ती चिमट्यात दात धरावा तशी धरली आणि सोडली नाही. साडेतीन वाजता दादा हरला.

तराजूराव आपले तयारीत होते. आता तो येणार, म्हणणार मशीन झोपलं, आपण म्हणायचं दादा हसं करून घेऊ नकोस, आणि मग दोघांनी मिळून घरी जायचं. पण दादानं डॉक्टरीणबाईंशी हात मिळवला, मोकळेपणानं म्हणाला, "छान खेळलं हो तुमचं," आणि पिशवी भरायला लागला. तराजूराव जवळ गेले तेव्हा तो खाली वाकून मशीनच्या डब्यावर थोपटत होता.

"चांगलंच तापलंय," दादा हसून म्हणाला. "दमलं बिचारं. त्याचा काही दोष नाही, छोट्या. माझ्याच डोक्यात कमी होतं. इतकी वर्षं उगाच तुझा जीव खाल्ला. मी खाली बाकावर बसतो. तुझं आवरलं की ये."

तो गेला, आणि तराजूरावांना एकदम रितं रितं वाटलं. चौदा वर्षं जी कटकट नको नको वाटत होती, ती न झाल्यामुळे त्यांना चैन पडेना. हॉल रिकामा होत होता. एका टोकाला मुख्य पंचबाई, एकेकाळच्या भूमितीच्या शिक्षिका, निकालाचा कागद पट्टीनं रेघा मारून तयार करत होत्या. तराजूराव चार नंबरची वायर काढायला खाली बसले, त्यांनी डब्याला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला.

मशीन तापणं त्यांना नवं नव्हतं. सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. फार तापलं की मशीन जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतं, हे त्यांनी दुकानात हजार गिऱ्हाइकांना समजावलं होतं. वायर न काढता ते तसेच खुर्चीवर बसले आणि त्यांनी चार नंबरचं वजन केलं.

सात कोटी तीस लाख.

त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. सात कोटी एकतीस. मग शेजारच्या पाच नंबरचं केलं, तेही सकाळपासून चालू होतंच. आठ कोटी सदतीस. म्हणजे तापलं पाचही होतं, पण वेग एकट्या चारचाच पडला होता. गुडघे कुरकुरत होते, तरी ते जमिनीवर बसून चार नंबरच्या मागे डोकावले. पडदा जमिनीपर्यंत लोळत होता. मशीन ज्या जाळीतून गरम वारा बाहेर टाकतं, त्या जाळीवर तो गोधडी पांघरावी तसा पडला होता. त्यांनी पडदा सारला, दहा मिनिटं वाट बघितली, आणि पुन्हा वजन केलं. आठ कोटी छत्तीस.

ते तिथेच, जमिनीवर, भिंतीला टेकून बसून राहिले.

पडदा दरवर्षी तेच ओढत होते, मायेनं. मशीन मधे दोनदा बदलली होती, दरवेळी त्याच बनावटीची, पण पडदा तोच, खिडकी तीच, टेबल तेच. सकाळी खिडकीत ऊन नसायचं, पडदा उघडा असायचा, आणि सकाळी दादा जिंकायचा. वजनही सकाळीच व्हायचं. ती भर सभेतली तपासणी, तीही त्यांनी रात्रभर थंड झालेल्या मशीनवर, पडदा उघडा असताना केली होती. थंड मशीन सगळी सारखीच असतात. एवढी साधी गोष्ट एखाद्या शिकाऊ पोरानंही सांगितली असती, आणि चौदा वर्षं ती तराजूरावांना सुचली नव्हती. सुचली नव्हती, कारण दादा कटकट करत होता आणि कटकट करणाऱ्याचं खरं असू शकतं हे त्यांनी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. नियम त्यांनीच लिहिलेला: तक्रार डाव संपल्यापासून तासाभरात करायची, आणि ती खेळाडूनंच करायची. अजून पंचवीस मिनिटं होती. ती जाऊ द्यायची, वायरी गुंडाळायच्या आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा आज पहिल्यांदा शांत होता. त्याची ती शांती मोडायचा आपल्याला काय अधिकार, असंही त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, आणि ते स्वतःलाच फार गोड वाटलं. इतकं गोड वाटलं की त्यांना स्वतःची शिसारी आली. दादाच्या शांतीची काळजी नव्हती ती. आपल्या नावाला बट्टा लागू नये याची होती.

त्यांनी तक्रारीचा कागद घेतला आणि त्रेसष्ट पायऱ्या उतरले.

दादा प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर बसला होता, पिशवी मांडीवर, फोन नुकताच खिशात ठेवत होता.

"आवरलं?" त्यानं विचारलं.

"चारचं वजन केलं मी."

"कशाला? मी काही बोललो का?"

"नाहीस. म्हणूनच केलं."

दादानं त्यांच्याकडे बघितलं.

"तेरा टक्के कमी भरलं, दादा. पडद्यामुळे. मागून हवा कोंडते, मशीन तापतं आणि हळू होतं. पडदा ओढतो मीच."

"तेरा," दादा म्हणाला. मग तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. "आणि ते रे? मी तक्रार केली होती तेव्हा? तेव्हा तर बरोबर भरलं होतं."

"ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं होतं. थंड होतं मशीन."

"म्हणजे मधली सगळी वर्षं..."

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"दुपारी कधी मोजलंच नाही मी. कदाचित हरलाच असतास. कदाचित नसतास. आता कोणालाच कळायचं नाही."

दादानं सदऱ्याचं टोक सोडलं. त्यानं चष्मा घातला, तो तिरका बसला, त्यानं नीट केला नाही.

"आत्ता फोन करत होतो घरी," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला सांगितलं, की बाई, माझंच चुकत होतं. मशीनचं काही नव्हतं. इतकी वर्षं जेवताना, झोपताना तुला तेच ऐकवलं, माफ कर. रडली रे ती. म्हणाली, सुटले एकदाची. मीही सुटलो होतो. अर्धा तास झाला नाही सुटून, आणि तू हे घेऊन आलास."

"सांगायला नको होतं का?"

"हवं होतं. चौदा वर्षांपूर्वी."

तराजूराव बाकावर शेजारी बसले. त्यांनी कागद पुढे केला. दादानं तो घेतला, वाचला, उलटून मागचं बघितलं, मागे काही नव्हतं.

"सही कुठे करायची?"

"इथे खाली. डाव परत होईल. जिंकलास तर करंडक..."

"करंडक घाल चुलीत. मला धड हरू दे रे एकदा. नाहीतर धड जिंकू दे. काय ते एक, पण धड."

वर हॉलमध्ये पंचबाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांना भावनेचं वावडं होतं, त्यांनी फक्त विचारलं, "चूक कोणाची म्हणून लिहू?"

"यंत्रतपासनिसाची," तराजूराव म्हणाले. "माझी."

"किती वर्षांची?"

"चौदा लिहा."

बाईंनी चौदा लिहिलं आणि खाली रेघ मारली. डॉक्टरीणबाई जिन्यात होत्या, त्यांना बोलावून आणलं. जिंकलेला डाव पुन्हा खेळायला कोण तयार होईल, म्हणून तराजूराव हात जोडूनच उभे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो खेळू की. अर्धवट काढलेला दात आणि असला डाव, दोन्ही ठणकतात. आणि काका, मशीन कुठलं ते तुम्ही निवडा, मला कुठलंही चालेल." दादानं चार नंबरच निवडलं. तराजूरावांनी ते भिंतीपासून चांगलं हातभर पुढे ओढलं आणि पडदा गाठ मारून वर बांधून टाकला. ते आणि डॉक्टरीणबाईंचं, अशी दोन्ही मशीन अर्धा तास पळवून गरम केली, आणि मग वजन केलं. आठ कोटी सदतीस, आठ कोटी अडतीस. आकडे त्यांनी दादाच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिले. "सगळं सारखं आहे" हे शब्द ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

ऊन दादाच्या थेट डोळ्यांवर येत होतं. एका हातानं तो कपाळावर पुठ्ठा धरून बसला. तराजूराव म्हणाले, मी धरतो. दादा म्हणाला, "तू तिकडे बस."

पहिल्या तेहतीस चाली मघासारख्याच पडल्या, पण चौतिसाव्या चालीला घोडा त्या घरात गेला नाही. तो मागे फिरला, आणि याचा अर्थ सरळ होता. मघाशी तो डाव मशीननंच घालवला होता. आता पटावर दादाचं एक प्यादं जास्त होतं. तासाभरानं ते प्यादं गेलं. हत्तींची मारामारी झाली, मग दोन्ही बाजूंना राजा आणि चार-दोन प्यादी उरली. असल्या शेवटात दादाचा प्रोग्राम पहिल्यापासून कच्चा, हे दादाला माहीत होतं, तराजूरावांना माहीत होतं, आणि आता ते डॉक्टरीणबाईंच्या प्रोग्रामलाही कळलं. एकाहत्तराव्या चालीला दादा हरला. खिडकीत आता फक्त मावळतीचा तांबूस उजेड उरला होता. पुठ्ठा दादाच्या हातात तसाच होता.

तराजूरावांनी वजन केलं. दोन्ही मशीन आठ कोटी अडतीस. कागदावर लिहून त्यांनी ते दादासमोर ठेवलं. दादानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून वाचलं.

"सही कर खाली," तो म्हणाला.

त्यांनी सही केली. दादानं कागदाची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली. मग उठून डॉक्टरीणबाईंचं अभिनंदन केलं, पंचबाईंना नमस्कार केला, आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून घरी फोन लावला. तराजूराव एक मशीन काखेत धरून मागे उभे होते.

"हरलो गं," दादा फोनवर म्हणाला. "हो, परत. परत म्हणजे परत खेळवला डाव. नाही, आज खरंच मीच हरलो, शेवट जमत नाही आपल्याला... काय? आधीचे?" तो थांबला. पलीकडून वहिनी बराच वेळ काहीतरी विचारत होत्या. "ते मला विचारू नकोस. थांब, देतो."

त्यानं मागे न बघताच फोनचा हात मागे केला.

तराजूरावांनी मशीन खाली जमिनीवर ठेवलं. फोन कानाला लावला. वहिनी पलीकडून म्हणत होत्या, "भाऊजी? काय झालंय हो? हे असे का बोलतायत?"

"वहिनी," तराजूराव म्हणाले. दादा दोन पायऱ्या खाली उतरून पाठमोरा उभा होता, कठड्याला धरून. तो ऐकतोय हे त्यांना दिसत होतं. "वहिनी, दादा खोटं बोलत नव्हता."